‘नशिबात असन ते होईन’ म्हणणाऱ्या रुग्णाला चालायला कसं लावायचं?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंचा आहे. बीपी-शुगरच्या रुग्णांना महिन्याच्या गोळ्या देताना त्या रोज अर्धा तास चालायला सांगतात. उत्तर ठरलेलं असतं: “म्याडम, नशिबात असन ते होईन.” आपलं आरोग्य आपल्या हातात आहे असं ज्यांना वाटत नाही ते व्यायाम करत नाहीत, असं त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. म्हणून त्या विचारतात, आधी हा समज बदलायचा का, कसा बदलायचा, आणि त्यासाठी असलेली प्रश्नावली गावातल्या लोकांकडून भरून घेण्यात काही अर्थ आहे का?

ताई, आधी समज बदलतो आणि मग माणूस चालायला लागतो, असं प्रत्यक्षात क्वचितच घडतं. बहुतेक वेळा माणूस आधी काहीतरी थोडं करतो, त्याचा फरक त्याला स्वतःला जाणवतो, आणि मग ‘हे आपल्याच्यानं होते’ असं तो म्हणायला लागतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्धा-यवतमाळ भागातल्या ग्रामीण रुग्णालयांत आणि शिबिरांत गुडघे, कंबर, लकवा आणि शुगरचे पाय बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे माझं उत्तर पुस्तकातलं कमी आणि सतरंजीवर बसून केलेल्या कामातलं जास्त असेल. तरी पुस्तकातलं कामाचं आहे तेवढं आधी घेऊ, कारण प्रशिक्षणात ते फार छाटून सांगतात.

ज्युलियन रॉटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हा विषय नीट मांडला. आपल्या वाट्याला जे येतं ते आपल्या वागण्यामुळे येतं, असं काही लोक धरून चालतात. काहींना वाटतं की ते नशिबाने, योगायोगाने किंवा दुसऱ्या कुणा बलवान माणसाच्या मर्जीने येतं. पहिल्यांचं नियंत्रणकेंद्र अंतर्गत आणि दुसऱ्यांचं बाह्य, ही विभागणी तिथली. पुढे हॅना लेव्हनसन यांनी दाखवलं की बाह्य म्हणून जे एकत्र मोजलं जातं त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत: नशीब-योगायोग एक, आणि आपल्यावर सत्ता असलेली माणसं दुसरी. केनेथ आणि बार्बरा वॉलस्टन यांनी १९७८ मध्ये हे आरोग्यापुरतं घेऊन १८ विधानांची प्रश्नावली तयार केली. त्यातली सहा विधानं ‘माझं माझ्या हातात’ या धर्तीची, सहा ‘डॉक्टर आणि घरचे ठरवतात’ अशी आणि सहा ‘नशीब’ या बाजूची. तुम्ही विचारलेली प्रश्नावली बहुधा हीच.

आता हे वागण्याशी किती जुळतं? थोडंफार जुळतं. स्टेप्टो आणि वॉर्डल यांनी १८ युरोपीय देशांतल्या विद्यापीठांतल्या मुलामुलींच्या आरोग्यविषयक दहा सवयी तपासल्या. तो अभ्यास २००१ मध्ये आला. ‘माझं माझ्या हातात’ असं पक्कं मानणाऱ्यांमध्ये चांगल्या सवयी जास्त होत्या आणि नशिबावर भार टाकणाऱ्यांमध्ये कमी. पण हे युरोपातले विशीतले विद्यार्थी. कर्ज, नापिकी आणि घरातली तीन म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या पन्नाशीच्या बाईशी ते ताडून पाहताना हात आखडता ठेवावा. शिवाय नुसत्या या एका गोष्टीवरून कोण व्यायाम करेल आणि कोण नाही, हे सांगता येण्याइतकं ते नातं घट्ट नाही. ते तसं असावं असं खुद्द रॉटरही म्हणत नव्हते.

त्यांचं अर्धंच म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचलं आहे. त्यांच्या मते माणूस काय करेल हे दोन गोष्टींवर ठरतं: केल्याने फळ मिळेल ही अपेक्षा, आणि त्या फळाची त्याला वाटणारी किंमत. आपल्या भागात याचं उदाहरण रोज पहाटे डांबरी रस्त्यावर दिसतं. पोलीस भरतीची पोरं. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, सगळ्याला गुण. पाच वाजता अंधारात, थंडीत, उपाशी पळतात. त्यांना कुणी आरोग्याचं महत्त्व सांगितलेलं नसतं. वय निघून गेलं किंवा दोनदा यादीत नाव आलं नाही, की तोच पोरगा दुसऱ्या दिवसापासून पळणं बंद करतो आणि तिसाव्या वर्षी पोट घेऊन पानठेल्यावर उभा असतो. व्यायाम आपल्या हातात आहे हे त्याला कुणापेक्षाही चांगलं माहीत आहे. त्याच्या लेखी पळण्याची किंमत होती ती वर्दीमुळे, आणि ती आशा संपली. म्हणून ‘यांना नियंत्रणाची जाणीव नाही’ म्हणण्याआधी, चालून यांना नेमकं काय मिळणार आहे, हे तुम्ही त्यांच्या भाषेत सांगितलंय का ते पाहा. ‘दहा वर्षांनी हार्ट अटॅक येणार नाही’ हे ज्याचं पुढच्या हंगामाचं बियाणं ठरलेलं नाही त्याला फार लांबचं वाटतं.

आता तुमच्या मूळ वाक्याकडे येते. ‘नशिबात असन ते होईन’ हे चार जण म्हणतात तेव्हा चौघांच्या मनात चार गोष्टी असतात, आणि तुमचं बरंचसं काम त्या वेगळ्या ओळखण्यात आहे.

एकाच्या मनात अनुभव असतो. “माह्या बापाले होती, काकाले होती, मले होनारच होती.” गावात काटक, सडपातळ, दिवसभर राबणाऱ्या माणसाला शुगर निघते आणि शेजारचा गोलमटोल सावकार ठणठणीत फिरतो. हे रोज डोळ्यांनी पाहणाऱ्याने त्याला नशीब म्हटलं तर त्यात अडाणीपणा काही नाही. त्याने पाहिलेल्याचा तोच सरळ अर्थ निघतो. इथे माहिती कामाला येते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्यासोबत २००४ मध्ये स्वतःचंच मोजमाप छापलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडची बारीक दिसणारी माणसं आतून चरबीची असू शकतात, आणि सडपातळ माणसाला शुगर होण्यामागे कारण आहे, निव्वळ लहर नाही. मग खानदानात असली तरी काही करता येतं का? चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने शुगरच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. चालणं आणि खाणं सांभाळलेल्यांमध्ये प्रत्यक्ष मधुमेह होण्याचं प्रमाण नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं. शंभर टक्क्यांनी नव्हे, हेही सांगा. ‘चाललात तर होणारच नाही’ असं सांगाल आणि चालणाऱ्याला झाली, तर तुमच्या पुढच्या शब्दाला गावात किंमत राहणार नाही.

दुसऱ्याच्या मनात तुम्हीच असता. “तुमी पाहा काय ते. एक सुई मारून द्या.” हा नशीबवादी नाहीच, याचा भरवसा डॉक्टरवर आहे. अशी माणसं गोळ्या वेळेवर नेतात, बोलावलं की येतात, आणि व्यायामाचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघतात, कारण त्यांच्या हिशोबात बरं करणं हे तुमचं काम आहे. सलाईन लावल्याशिवाय अशक्तपणा जात नाही, हा समज यातूनच टिकतो, आणि गल्लीतल्या दवाखान्यांनी तो पोसलाय. पण या भरवशाशी भांडू नका, तो वापरा. चालणं हा सल्ला म्हणून न देता औषधासारखं लिहून द्या: रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं, एक महिना, मग येऊन शुगर दाखवायची. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. गोळ्यांच्या कागदावर लिहिलेलं मात्र ‘म्याडमनं लिहून देल्लं’ म्हणून घरातली सूनही करवून घेते. अडचण पुढे येते. असा माणूस बरं वाटलं की सगळं सोडतो, “आता बरं हाय, गोया काहून खाऊ?” म्हणून दोन-तीन महिन्यांत त्याचं श्रेय तुमच्याकडून त्याच्याकडे सरकवत न्यायचं. कसं, ते खाली सांगते.

तिसऱ्याच्या मनात देव असतो, आणि इथे शिकलेली माणसं फार घाई करतात. वॉलस्टन यांनीच पुढे देवावरच्या भरवशासाठी वेगळी मोजणी केली, कारण ती नशिबाच्या खात्यात बसेना. आपल्याकडे ते शेगावच्या रस्त्यावर दिसतं. गुडघ्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येणारी, ‘दोन फर्लांग चालवत नाही’ म्हणणारी बाई गजानन महाराजांच्या पायी वारीत दोन-चार दिवस चालते. विचारलं तर म्हणते, “मी कुठं चालते बाई, महाराजच नेते.” तिचं नियंत्रणकेंद्र पूर्ण बाह्य, आणि पावलं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. यात बघण्यासारखं बरंच आहे: बरोबर माणसं आहेत, ठरलेली तारीख आहे, थांबायच्या जागा ठरलेल्या आहेत, चहा द्यायला गावं उभी आहेत, आणि बायकांनी रस्त्याने चालण्याला कुणी नावं ठेवत नाही. तिला ‘देव काही करत नाही, तूच कर’ सांगणारा आरोग्य कर्मचारी तिच्या ताकदीची जागाच काढून घेतो. मी अशा बायकांना वारीच्या दोन महिने आधीपासून तयारी म्हणून चालायला सांगते. गुडघ्यांनाही ते बरं, नाहीतर वारीनंतर महिनाभर सुजलेले गुडघे माझ्याच वाट्याला येतात.

चौथा माणूस मात्र नशीब म्हणतो आणि त्याला म्हणायचं असतं, ‘माझा दिवस माझ्या हातात नाही.’ माझ्या अंदाजाने तुमच्याकडे येणाऱ्यांत हेच सगळ्यात जास्त असतील, आणि त्यातही बाया. पहाटे पाणी, सडा, डबे, मग नऊ वाजता निंदायला, संध्याकाळी सरपण, स्वयंपाक. कोणत्या अर्ध्या तासात ती चालणार? त्यातून ती रस्त्याने हात हलवत चालली तर “लोक काय म्हनतीन? शहरातल्या बाईवानी निंगाली फिराले.” कपाशी वेचायच्या दिवसांत तिला अर्धा तास मागणं म्हणजे तिची मजुरी मागणं. पुरुषांचंही तसंच. सोयाबीनच्या दिवसांत रात्री डुकरांमुळे जागलीला गेलेल्या माणसाला पहाटे पाचला उठून चाला म्हणणं थट्टेसारखं आहे. राळेगाव-पांढरकवड्याकडे २०१८ मध्ये ‘अवनी’ वाघिणीला मारेपर्यंत लोक दिवसाढवळ्या वावरात एकटे जात नव्हते. त्या वेळी कुणी ‘सकाळी फिरायला जात नाही’ म्हटलं असतं, तर त्याला आपण दैववादी म्हटलं असतं का? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सकाळी नऊनंतर चाला सांगणं तर धोक्याचंच आहे.

ही माणसं जे म्हणतात ते बरंचसं खरं आहे. मानसशास्त्रात याला जवळचा विचार आइझॅक एज्झेन यांनी मांडला: एखादी गोष्ट करावीशी वाटणं वेगळं, आणि ती करणं आपल्याला जमेल असं वाटणं वेगळं, आणि ती करणं खरोखर किती हातात आहे, हे पुन्हा तिसरं. आपण रुग्णाच्या डोक्यातलं ‘वाटणं’ दुरुस्त करायला जातो आणि अंगणातली खरी अडचण तशीच राहते. तिच्यासाठी वेगळा अर्धा तास शोधू नका. रात्री भांडी झाल्यावर अंगणात किंवा गल्लीत दोघी-तिघींनी दहा मिनिटं, सकाळी दहा मिनिटं, अशा तुकड्यांनी चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगितले आहेत, आणि सलग किमान दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट त्यात नाही.

“दिवसभर वावरात राबतो, अजून काय व्यायाम पाह्यजे?” हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो रोज येत असेल. त्याला उडवून लावू नका. डवरणी, फवारणी, वेचणी करणाऱ्याला ‘तुम्ही हालचाल करत नाही’ सांगणं खोटं आहे आणि अपमानाचंही. पण दोन गोष्टी बदलल्यात. एक म्हणजे कामं हंगामी झाली: जून ते डिसेंबर अंग मोडतं आणि नंतर तीन-चार महिने, विशेषतः कोरडवाहू गावांत, पुरुषाला पारावर बसण्यापलीकडे फार काम नसतं. दुसरं म्हणजे ट्रॅक्टर आला, मोटरसायकल धुऱ्यापर्यंत जाते. शेतीचं काम ओझ्याचं असतं, वाकून असतं, दम लागेल असं सलग चालणं त्यात कमी. २०२४ मध्ये आलेल्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणे २०२२ साली भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल अपुरी होती. बायकांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के. गावातल्या बायकांची त्यावर काय प्रतिक्रिया असेल ते मला चांगलं माहीत आहे, आणि अशा पाहण्यांत बायकांचं काम कितपत मोजलं जातं याबद्दल माझ्याही मनात शंका असते. म्हणून गावात मी टक्केवारी सांगत नाही. सरळ विचारते: ‘पोळा झाल्यावर किती काम असतं, आणि होळी झाल्यावर किती?’ उत्तर ते स्वतःच देतात. मग फेब्रुवारी ते मे चालण्याचे महिने ठरवायचे, आणि खरिपात फक्त कंबर-गुडघ्याचे ताण देण्याचे व्यायाम. बारा महिने एकसारखा व्यायाम ही नोकरदारांची कल्पना आहे.

नियंत्रण स्वतःकडे आहे असं मानणं नेहमी फायद्याचंच, असंही नाही. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेलं मिश्रण, खाणाऱ्याशी बोलून बघा. “मनात आनलं तं उद्याच सोडून देतो.” त्याच्याइतका अंतर्गत नियंत्रणाचा माणूस सापडणार नाही! त्या भरवशावरच तो वीस वर्षं खातोय, कारण ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी सोडता येतो, मग आज कशाला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळतोच. तो सोडताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी होणारी चिडचिड आणि डोकेदुखी या मनाच्या निर्धाराला विचारत नाही. अशा माणसाला ‘तुमच्या हातात आहे’ सांगून काही होत नाही, ते त्याला आधीच वाटतं. त्याला हे वाटणं तपासायला लावा: ‘ठीक आहे, मग येत्या गुरुवारी सकाळपासून जेवणापर्यंत नाही खायचा, आणि शुक्रवारी मला सांगायचं.’ शुक्रवारी तो जास्त खरं बोलतो, आणि मग समुपदेशन, निकोटीनची गम वगैरे गोष्टी ऐकून घेतो.

आता करायचं काय. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ हा विश्वास कुठून येतो याच्या चार वाटा सांगितल्या: स्वतः करून जमणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कुणी तसं सांगणं, आणि अंगाला काय जाणवतं ते. यात सगळ्यात दमदार पहिली वाट. आपण मात्र बहुतेक वेळ तिसऱ्या वाटेवर घालवतो, म्हणजे सांगण्यात. असहायता शिकली जाते, हे सेलिग्मन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं, ते तुम्ही वाचलं असेल. त्याच दोघांनी २०१६ मध्ये मेंदूवरच्या नव्या कामाच्या आधारे आपली मांडणी उलटी केली: सतत त्रास होत असताना हातपाय गाळून बसणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया असते, आणि शिकावं लागतं ते नियंत्रण. माझ्या कामाला हे फार पटतं. गप्प बसलेल्या रुग्णात काहीतरी बिघडलंय असं धरून त्याच्यामागे लागण्यापेक्षा, त्याच्या हाताने एक गोष्ट घडताना त्याला दाखवायची.

ती गोष्ट अशी हवी की फरक लवकर दिसेल. वजन त्यासाठी निकामी, महिनोन्‌महिने हलत नाही. मी दोन साधनं वापरते. एक खुर्ची. हात छातीशी बांधून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं, कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायचं. घरी रोज सकाळ-संध्याकाळ तेवढंच करायचं. तीन-चार आठवड्यांनी आकडा बहुतेकांचा वाढतो, आणि त्याहून आधी ‘संडासात उठताना भिंतीचा आधार लागत नाही’ हे ते स्वतः सांगतात. आरोग्यासाठी म्हणून कुणी जेवढं करणार नाही तेवढं या कारणासाठी करतात. दुसरं तुमच्याकडे आहेच, ग्लुकोमीटर. उपकेंद्रात जेवणानंतर आलेल्या एखाद्याची शुगर मोजा, वीस-पंचवीस मिनिटं आवारात चालवा, पुन्हा मोजा. बऱ्याच जणांची उतरलेली दिसते, आणि ती गर्दीसमोर दिसली तर तुमची दहा भाषणं वाचतात. एखाद्याची नाही उतरली तर तेही मोकळेपणाने सांगायचं. बीपीचा फरक असा लगेच दाखवता येत नाही. नियमित चालण्याने वरचा आकडा साधारण पाच ते आठने उतरतो, पण त्याला आठवडे लागतात.

श्रेयाचा भाग इथे येतो. रॉटर यांचा एक मुद्दा असा की मिळालेलं यश माणसाने नशिबाच्या खात्यात टाकलं तर त्याचा पुढचा भरवसा फारसा वाढत नाही. म्हणून शुगर उतरली की ‘छान’ म्हणून गोळ्या देऊ नका. विचारा, ‘या महिन्यात काय वेगळं केलंत?’ आणि तो “काई नाई, असंच” म्हणाला तरी थांबा. दोन मिनिटांत तो सांगतो, रात्री शेजाऱ्याच्या दारापर्यंत चार चकरा मारत होतो. ते कागदावर लिहा, त्याच्या शब्दांत. त्याच्या तोंडून त्याचं कारण निघालं की तुम्ही काही पटवून द्यायची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. सारा मिल्न आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. पुढच्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं दमदार व्यायाम करायचा होता. एका गटाला व्यायामाचे फायदे सांगितले, तरी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त जणांनी तो केला, म्हणजे काहीही न सांगितलेल्या गटाइतकेच. ज्यांना फायदे सांगून वर ‘कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे’ हे लिहायला लावलं, त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी केला. एकच आठवडा आणि विद्यार्थी, हे धरूनही मला यातलं मर्म कामाचं वाटतं. आपल्याकडे घड्याळापेक्षा कामाला जोडावं: ‘म्हशीचं दूध डेअरीवर घालून येताना गाडी न नेता पायी’, ‘हरिपाठ संपला की देवळाला पाच फेऱ्या’. आणि कुणासोबत, हेही त्यातच. एकट्या बाईला जे शोभत नाही ते चौघींना शोभतं. बचत गटाची बैठक ज्या दिवशी असते त्या दिवसापासून सुरुवात करा, आशाताईंना पुढे घाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे गडी १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी मल्लखांब दाखवून आले, म्हणून वऱ्हाडात व्यायामाची परंपरा आहे असं आपण म्हणतो. खरंच आहे, पण ती पुरुषांची आणि तालमीची. साठीच्या बाईला पुढे चालणारी तिच्याच वयाची, तिच्याच गल्लीतली बाई दिसायला हवी.

काही सावधगिरी तुम्हाला माहीत असेल, तरी लिहिते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला उपाशीपोटी लांब चालायला पाठवू नका, खिशात साखर किंवा गूळ असू द्या. पाय बधिर असतील तर चप्पल-बूट आधी पाहा, अनवाणी वारी अशांनी करू नये. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी औषधाने खाली येऊ द्या. चालताना छातीत दाब किंवा जबड्याकडे कळ आली तर व्यायाम तिथेच थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्र.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. ‘तुमचं आरोग्य तुमच्या हातात’ हे पोस्टर भिंतीवर लावताना जपून. ज्याची शुगर सगळं करूनही वाढली, ज्याचा पाय कापावा लागला, त्याला ते वाक्य ‘चूक तुझीच’ असं वाचता येतं. मग तो पुढच्या महिन्यात येतच नाही, आणि आला तर चालत होतो असं खोटं सांगतो. गोळ्या संपल्या म्हणून दोन महिने मिळाल्या नाहीत, फवारणीचा पंप गळका आहे, गावात दिवसाला एकच बस आहे, यातलं काहीही रुग्णाच्या हातात नाही. त्याच्या हातातलं आणि व्यवस्थेच्या हातातलं वेगळं करून सांगण्याचा प्रामाणिकपणा आपण दाखवला, तर त्याच्या हातातल्या भागाबद्दल तो आपलं ऐकतो.

प्रश्नावलीबद्दल शेवटी. संशोधन करायचं असेल तर वापरा, पण मराठीत रीतसर तपासून घेतलेली प्रत घ्या, आणि वाचता न येणाऱ्यांना ती वऱ्हाडीत वाचून दाखवताना विधानांचा अर्थ बदलत नाही ना ते पाहा. ‘थोडं सहमत, बरंच सहमत’ अशा सहा पायऱ्या आमच्या आज्यांना जुळत नाहीत. त्या एकतर हो म्हणतात किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. रोजच्या कामासाठी मी तिच्याऐवजी दोन प्रश्न विचारते आणि सीबॅक फॉर्मच्या (आशाताई घरोघरी भरतात त्या आजारांच्या जोखमीच्या तक्त्याच्या) मागे उत्तर लिहून ठेवते. ‘याआधी अंगासाठी काय केलं होतं आणि त्याचा काही फरक पडला होता का?’ आणि ‘उद्यापासून दहा मिनिटं चालायचं ठरवलं तर कोण किंवा काय आडवं येईल?’ पहिल्या उत्तरात त्याचा स्वतःवरचा भरवसा कळतो, दुसऱ्यात तुमचं काम कुठे आहे ते. फक्त हे फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारा. सोयाबीनच्या सोंगणीत विचारलंत तर अख्खं गाव नशीबवादी निघेल.